पत्रिकेत नाव राहिलं, त्याला कारण फर्मवेअर

श्री. रा. रा. वामनरावजी व्याही यांसी,

तुळजापूरच्या मार्तंडाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घ्यावा. गुडघ्यामुळं प्रत्यक्ष घालता येत नाही, एवढंच.) आमच्याकडं सगळे ठीक आहेत. सौ. शारदेचा रक्तदाब गोळीनं खाली आलाय आणि माझा आपल्या रागाच्या बातमीनं वर गेलाय, तेव्हा घराची सरासरी काढली तर काळजीचं काही नाही. आपली तब्येत उत्तम असणार, कारण गेला आठवडाभर आपण माझा फोन उचललेला नाही. आजारी माणूस पहिल्या घंटीला फोन उचलतो आणि मग अर्धा तास ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे. विहीणबाईंची मान कशी आहे? कोमट तिळाचं तेल लावून बघायला सांगावं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नुसता हात जोडल्याचा फोटो मिळाला. तो नमस्कार होता की निरोप, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

या पत्राचं कारण संगणकाच्या पोटात आहे. तिथवर पोचायला थोडा वेळ लागेल, तेव्हा पाठीला तक्क्या घेऊन बसावं.

आमच्या चि. कैवल्यच्या लग्नाची पत्रिका आपल्याला मिळाली आणि निमंत्रकांमध्ये आपलं नाव नाही. मी हे नाकारत नाही. नाकारायची सोयच उरलेली नाही, पत्रिका वाशीपासून सोलापूरपर्यंत वाटून झाल्या आहेत. आमच्या तुळजाबाई आत्या मात्र त्यात तिसऱ्या ओळीत आहेत आणि सर्वांनी अगत्य यायचं करावं म्हणून आग्रह करताहेत. आत्यांना जाऊन दोन वर्षं झाली. वाशीच्या एका नातेवाइकानं तर फोन करून आत्यांची प्रकृती सुधारल्याबद्दल आनंद व्यक्त केला. यावर आपण आपल्या सूनबाई, आमच्या चि. सौ. श्रियाजवळ जे बोललात, ते तिनं आम्हाला जसंच्या तसं कळवलं: "जे गेले त्यांना जागा आहे. आम्ही अजून हयात आहोत ही आमचीच चूक." व्याही, वाक्य अव्वल आहे. मी जन्मभर लोकांची भाषा छापत आलो, पण असं वाक्य माझ्या हातून झालं नसतं. (शारदा म्हणाली, "कौतुक बास झालं, उत्तर शोधा.")

मग आपण लग्नाला येणार नाही असं सांगून टाकलंत. आपण नाही आलात तर मी चार लोकांत मान खाली घालून उभा राहीन, ते मला जमेल. प्रश्न श्रियाचा आहे. एकुलत्या एका भावाच्या लग्नात ती करवली. परवा तिनं आईला फोन केला आणि म्हणाली, "मी तिकडं करवली म्हणून उभी राहू, का इकडं सून म्हणून घरात बसू? बाबा आणि इकडचे अण्णा, दोघं मिळून काय ते ठरवा. कुणाकडूनच मी तोंड उघडणार नाही." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तिच्या आईनं फोन ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. मी बघत होतो, ती निवडलेलीच मेथी पुन्हा निवडत होती.

म्हणून घडलं ते सगळं लिहितो. वाचल्यावर आपली खात्री पटेल की यात कुणाचाही हेतू नव्हता. हेतू धरायला थोडी तरी अक्कल वापरावी लागते आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणी ती वापरली नव्हती.

आमच्या छापखान्यात ज्या प्रोग्रामवर पत्रिका लागतात तो फार जुना आहे. पण त्यातलं मराठी अक्षर असं की वेलांटी बघत बसावी. गिऱ्हाइकाला तेच अक्षर लागतं. तो प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो, जुनी विंडोज फक्त जुन्या संगणकावर चालते, आणि आमचा जुना संगणक मागच्या अधिक महिन्यात एका दुपारी लाईट चार वेळा आली-गेली त्यात वारला. त्याच सुमारास आपले चिरंजीव निरंजनराव श्रियाला घेऊन धोंड्याच्या जेवणाला आले होते. (जावई येतो, पुरणाचे धोंडे खातो, वाण घेतो आणि आडवा होतो, एवढंच मी आजवर पाहत आलो. मीही तेच केलं होतं. जेवण झाल्यावर आडवं न होता सासऱ्याचा छापखाना चालू करून देणारा जावई आमच्या घराण्यात हा पहिलाच. हे संस्कार आपले, यात शंका नाही.)

त्यांनी काय केलं, तर नवा संगणक मांडला आणि त्याच्या पोटात एक खोटा जुना संगणक बसवला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खोटा म्हणजे त्याला पेटी नाही, तारा नाहीत, नुसता पडद्यावरच्या चौकटीत राहतो. पण त्याची स्वतःची समजूत अशी की आपण खरे आहोत आणि बाहेर अजून ते जुनेच दिवस चालू आहेत. निवृत्त मंडळींत असे काही जण आढळतात (आपण नव्हे). बाहेरच्या संगणकानं त्याची ती समजूत मोडायची नाही, हात-पाय सगळे आपले वापरू द्यायचे आणि वर मान द्यायचा, अशी ही सगळी व्यवस्था आहे. आमचा ऑपरेटर बिभीषण, मूळचा ईट गावचा, पत्रिका लावता लावता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तो याला सरळ "पोटातला" म्हणतो. म्हणून मीही तसंच म्हणेन.

बिभीषण पोटातल्याला कधी बंद करत नाही. झोपवतो. ती सोय निरंजनरावांनीच दाखवली होती. (मी निरंजनरावांना दोष देत नाही, हे इथंच लिहून ठेवतो.) एक बटण दाबलं की पोटातला जसा असेल तसा झोपी जातो. दुसऱ्या दिवशी उठवला की उघडं पान उघडंच, अर्धी टाईप केलेली ओळ अर्धीच. बिभीषणाला ही गोष्ट इतकी आवडली की त्यानं पान सेव्ह करणंच सोडून दिलं. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "मालक, कोरड्यासाच्या पातेल्यावर झाकण ठिवून झोपलं तर सकाळी ते तसंच ऱ्हातंय न्हवं? मग?" मी पावतीपुस्तक काढून बसलो.

आणखी एक. घरचं कार्य असलं की पत्रिका कोऱ्या पानावर लावत नाहीत. घरातल्या मागच्या लग्नाची उघडायची आणि बदलायची. आम्ही श्रियाच्या लग्नाची उघडली. त्या पत्रिकेत आपण वरपिता होतात, आपलं नाव वर मानानं आणि ठळक होतं. मुलीकडच्या निमंत्रकांत आपण असायचं कारण नव्हतं. आत्या तेव्हा होत्या, म्हणून निमंत्रकांत होत्या. बिभीषणानं नवरा-नवरी, त्यांचे आईवडील, मुहूर्त आणि मंगल कार्यालय बदललं आणि सेव्ह केलं. ते त्याचं त्या पत्रिकेपुरतं शेवटचं सेव्ह. मग कागदावर प्रूफ काढून घरी पाठवलं. शारदेनं ते चष्मा लावून वाचलं, आत्यांचं नाव निमंत्रकांतून काढून आशीर्वादात 'कै.' लावून घालायला सांगितलं आणि लाल पेनानं आपलं नाव लिहिलं. बिभीषणानं पडद्यावर दुरुस्त्या केल्या. मी विचारलं, "झाल्या?" तो म्हणाला, "व्हय मालक, समद्या." मग त्यानं पोटातल्याला झोपवलं आणि आम्ही कुलूप लावलं.

व्याही, या घटकेला आपलं नाव पत्रिकेत होतं. झोपलेल्याच्या डोक्यात का होईना, पण होतं.

आता माझ्या सभ्यपणाकडं येतो. बाहेरचा संगणक बरेच दिवस रोज विचारत होता, पोटातला सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का? मी रोज "नंतर" म्हणायचो. पण दारात रोज येऊन कुणी एवढ्या नम्रपणे विचारत असेल तर माणसानं तरी किती वेळा "नंतर" म्हणायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी "घ्या" म्हटलं. त्यानं घेतली. बिभीषण आला, तंबाखू थुंकून हात धुऊन बसला, उठवायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "मालक, पोटातला उठंना."

पडद्यावर लाल अक्षरात इंग्रजी ओळ होती. कैवल्यनं तिचा अर्थ सांगितला: झोपवताना फर्मवेअर जेवढं होतं तेवढं आता नाही, लांबी जुळत नाही, म्हणून उठवता येत नाही. फर्मवेअर म्हणजे, मला समजलं तेवढं सांगतो, संगणक जागा होताच विंडोज वगैरे यायच्या आधी जे स्वतःशी पुटपुटतो ते. आपण नाही का अंथरुणातच आधी मी कोण, आज वार कोणता, चष्मा कुठं हे ठरवतो आणि मग पाय खाली टाकतो, तसं. ती पुटपुट नव्या आवृत्तीत दुप्पट लांब झाली होती. मला हे काही पटेना. समजा आपण बाजेवर झोपलात आणि कुणीतरी हळूच बाज काढून खाली ऐसपैस पलंग सरकवला. सकाळी आपण उठाल, चूळ भराल, झालंच तर खूश व्हाल. हा म्हणतो, माझी बाज आणा, तोवर मी डोळे उघडत नाही! मी कैवल्यला म्हटलं, "अरे, जागा वाढवून दिलीय त्याला, कापली नाही." तो म्हणाला, "बाबा, कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. झोपताना त्यानं जेवढं बघितलंय तेवढंच त्याला उठताना पाहिजे. त्याच्या दृष्टीनं दुसऱ्याच कुणाच्या घरात त्याला उठवताय तुम्ही." आपण अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालात, सेवाज्येष्ठतेच्या यादीत कुणाची जागा इकडची तिकडं होऊ दिली नाहीत. पोटातल्याचं म्हणणं मला नाही, पण आपल्याला लगेच पटेल असं वाटतं.

आपण विचाराल, निरंजनरावांना त्याच क्षणी फोन का नाही केला? कसा करणार, व्याही! जावयानं हौसेनं करून दिलेली वस्तू बिघडली असं जावयाला सांगायचं? आमच्याकडं जावयानं आणलेली मिठाई विटली तरी "फार छान होती" म्हणायची पद्धत आहे. म्हणून आम्ही चौकातल्या महालिंगप्पांना बोलावलं. ते नळदुर्गचे, संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी आल्या आल्या पेटी उघडली, ब्लोअरनं धूळ उडवली (ती सगळी नुकत्याच छापलेल्या वास्तुशांतीच्या पत्रिकांवर बसली) आणि पेटी बंद केली. पोटातला उठला नाही. मग ते म्हणाले, "आकार वाढला म्हणता ना? मग जागा कमी पडली असणार की हो." आणि मोठी हार्ड डिस्क बसवली. पोटातला उठला नाही. शेवटी चहा बशीत ओतून त्यांनी मला समजावून सांगितलं, "हे बघा मालक, हार्डवेअर असेल तर मी आहे. सॉफ्टवेअर असेल तर शिकलेली पोरं आहेत. हे फर्मवेअर दोन्हीच्या मधलं निघालं. दोन गावांच्या शिवेवर भांडण झालं तर कुठल्या पाटलाकडं जायचं, तसं झालंय हे." आणि पाटील दुसरा चहा पिऊन गेले.

पडद्यावर दोनच बटणं होती. एकावर "राहू द्या" आणि दुसऱ्यावर "झोप टाकून द्या, नव्यानं सुरू करा" अशा अर्थाचं लिहिलेलं. बिभीषण म्हणाला, "मालक, हात नगा लावू. लेकरू झोपलंय आसं समजा. उठंल त्येचं त्ये." पण बाकावर तीन लग्नांची मंडळी बसली होती आणि त्यातले एक वधुपिता मिनिटामिनिटाला उसासा टाकत होते. मी दुसरं बटण दाबलं. पोटातला ताडकन उठला, ताजातवाना, जणू काही झालंच नाही. पत्रिकेची फाईल उघडली. नवरा बरोबर, नवरी बरोबर, मुहूर्त बरोबर. सेव्ह न केलेलं सगळं त्या झोपेबरोबर गेलंय हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमच्या छापखान्याचा नियम आहे: एकदा पास झालेलं प्रूफ पुन्हा वाचायचं नाही. (पुन्हा वाचलं की चुका सापडतात.) पत्रिका छापल्या, पाकिटात भरल्या आणि उमरग्याची आपली गड्डी त्याच दिवशी गाडीनं पाठवली. एवढ्या तत्परतेनं मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

निरंजनरावांना हे श्रियाकडून कळलं तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. आवाज बारीक होता, कारण आपण खालीच पेपर वाचत होतात. म्हणाले, "बाबा, झोप टाकून द्यायची नव्हती हो. नव्या आवृत्तीला 'याच्यापुरतं जुनंच फर्मवेअर वापर' असं सांगता येतं. एका ओळीचं काम होतं." एका ओळीचं! त्या एका ओळीसाठी व्याही रुसले, लेक अडकली आणि मेलेली आत्या गावोगाव आग्रह करत फिरली. निरंजनरावांनी त्या संगणकाच्या रोजच्या रोज प्रती इंटरनेटवर जाऊन बसतील अशी काही सोय करून ठेवली होती म्हणे. त्यातून त्या झोपेची प्रत सापडते का, हे ते ऑफिसचं काम सांभाळून वरच्या खोलीत बसून शोधताहेत. आपल्याला सांगू नका म्हणालेत, म्हणून मीही सांगत नाही. प्रत सापडली की आपलं नाव होतं याचा पुरावा डोळ्यांनी दिसेल.

तरी व्याही, राग सोडावा. चूक आकाराची आहे, मनाची नाही. आपल्याशिवाय कैवल्यच्या डोक्यावर अक्षता पडल्या तर त्या मला खड्यांसारख्या वाटतील. विहीणबाईंना नमस्कार. निरंजनरावांना आशीर्वाद, आणि त्यांना दोष देत नाही हे पुन्हा एकदा.

आपला,
मार्तंड

ता. क. : पत्र घडी घालत होतो तेवढ्यात निरंजनरावांचा फोटो आला. झोपेची प्रत सापडली! त्यांनी तिला जुनं फर्मवेअर दिलं आणि पोटातला उठला, तो थेट त्या संध्याकाळच्या पानावर. आत्या आशीर्वादात आहेत, 'कै.'सह. आपलं नावही आहे. फक्त ते निमंत्रकांत नाही. पत्रिकेच्या तळाशी बालगोपाळांची ओळ असते ना, "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!", तिच्याखाली चिकू, ओवी, श्री. वामनराव (उमरगा) आणि पिल्लू असं आहे. मी लगेच बिभीषणाला फोन लावला. तो म्हणाला, "वैनीसायबांनी जितं लिवलं तितं टाकलं." प्रूफवर कोरी जागा तेवढीच होती, म्हणून शारदेनं नाव तिथं लिहिलं आणि वर निमंत्रकांपर्यंत बाण काढला होता. बाणाचं बिभीषणाला काही वाटलं नाही. त्याला ती वेलबुट्टी वाटली.

ता. क. २ : याचा अर्थ ध्यानात घ्यावा. त्या दिवशी फर्मवेअरचा आकार जुळला असता तर पोटातला वेळेवर उठला असता, आणि आपण ओवी आणि पिल्लूच्या मधे बसून सगळ्या जिल्ह्याला बोबडं निमंत्रण दिलं असतंत. नाव गळण्यावर निभावलं. मघापासून मी ज्या फर्मवेअरला नावं ठेवतोय, त्यानं आपली अब्रू राखली आहे. आता दोष कुणाला द्यावा ते मला कळेनासं झालंय. निरंजनरावांना तर मुळीच देता येणार नाही.

ता. क. ३ : हे पत्र मी तुळजापुरात बसून लिहिलेलं नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी हॉटेल आहे, तिथं बसून लिहिलं. सकाळपासून तीन चहा झाले. शारदा समोर गाडीत बसली आहे. मघाशी काच खाली करून म्हणाली, "पत्रिका गाडीनं धाडली तिथंच चुकलं. व्याह्यांना अक्षत द्यायला आपण दोघांनी जायचं असतं, त्यात कसलं आलंय मशीन! तुम्हाला आत जायला सांगितलं होतं, निबंध लिहायला नाही." मी म्हटलं, एवढा मुद्दा पूर्ण करतो. ती आत्ताच उतरली. हातात हळदकुंकू आणि अक्षतांची वाटी आहे, पदर खोचलेला आहे, आणि ती आपल्या दाराकडं निघालीसुद्धा. म्हणजे पत्राच्या आधी तीच पोचणार. तेव्हा ती जे म्हणेल त्याला आधी "हो" म्हणावं, श्रियाला आजच आमच्याबरोबर धाडावं, आणि हे सगळं नंतर सवडीनं वाचावं. पहिला ता. क. नाही वाचला तरी चालेल.